श्रद्धेबद्दलचे गैरसमज : अनुभव नाही म्हणजे श्रद्धा कच्ची आणि आला म्हणजे माणूस पोचलेला?

रानजाई (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं ते आज लिहून टाकते, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

श्रद्धेबद्दल दोन टोकांचे गैरसमज सारखे कानावर येतात. एक बाहेरच्यांचा, की श्रद्धाळू माणूस म्हणजे विचार करणं सोडून दिलेला माणूस. त्याने श्रद्धा असणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. दुसरा आतल्या लोकांचा, की श्रद्धा खरी असेल तर शंका येतच नाही, आणि प्रार्थनेला किंवा ध्यानाला बसलं की आतून काहीतरी जाणवलंच पाहिजे, उजेड दिसला पाहिजे, डोळे भरून आले पाहिजेत. हा दुसरा माणसाला आतून पोखरतो. "इतकी वर्षं करतेय, काहीच होत नाही, माझ्यातच खोट आहे" असं म्हणणारी माणसं मला वारंवार भेटतात आणि ती बहुतेक वेळा हे कुजबुजत सांगतात, कारण सोबतच्या लोकांसमोर बोलायची चोरी.

आता शंकेचं बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त (१०.१२९) संपतं तेच मुळी प्रश्नावर, की ही सृष्टी कुठून आली ते वर बसलेल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल! हे एका धर्माच्या सगळ्यात जुन्या ग्रंथात आहे, कुणा विरोधकाच्या पुस्तकात नाही. अकराव्या शतकातला मोठा मुस्लिम विद्वान अल गझाली, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की सुमारे दोन महिने त्याचा इंद्रियांवरचा आणि बुद्धीवरचाही विश्वास उडाला होता. तुकोबांचे देवाशी भांडणारे अभंग आपल्याला शाळेपासून माहीत आहेत पण आपण ते लाडिक भांडण समजून पुढे जातो, त्यातली खरोखरची तडफड वाचतच नाही. आणि मदर तेरेसा. त्यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी म्हणजे २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा जग चकित झालं, कारण त्यात मधला थोडा काळ सोडला तर जवळपास पन्नास वर्षं देव जवळ असल्याची काही जाणीवच नाही, सगळा अंधार आहे, असं त्या आपल्या मार्गदर्शकांना लिहीत होत्या. काहींनी लगेच म्हटलं की बघा, ढोंग होतं. मला हे वाचून उलट वाटलं. जाणवत काही नसताना एवढी वर्षं रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणं आणि मग दिवसभर मरणाऱ्या माणसांजवळ थांबणं, याला श्रद्धा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की अनुभव हे श्रद्धेचं मोजमाप नाही, कुठल्याच बाजूने नाही. न येणं हे नापास झाल्याचं लक्षण नाही आणि येणं हे पास झाल्याचं सर्टिफिकेटही नाही. पतंजलींनी तर सिद्धींना समाधीच्या वाटेतले अडथळे म्हणून ठेवलंय (योगसूत्र ३.३७), आणि आपण मात्र कुणाला काय दिसलं यावरून त्याची पायरी ठरवतो.

तुम्हाला कुठले गैरसमज भेटलेत? लिहा. कुणाच्या श्रद्धेची किंवा अश्रद्धेची टिंगल मात्र नको.

उत्तरायण

चांगला धागा. मी कुठलाही धर्म मानत नाही हे आधीच सांगतो. पण या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे अनुभव "पलीकडून" येतात असं समजणं, तो तुम्ही घेतलाच नाहीत. विज्ञानाने हे कधीच सोडवलंय ना? मेंदूत एक ठराविक भाग आहे, तिथे थोडी चुंबकीय छेडछाड केली की माणसाला देव भेटतो, त्याचं हेल्मेटसुद्धा बनवलेलं आहे. मग बाकी चर्चा कशाला?

अणुरेणू

@उत्तरायण, हे मलाही कॉलेजात असंच सांगितलं होतं, पण पुढचा भाग कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

कॅनडातल्या मायकेल पर्सिंजर यांचं ते हेल्मेट. टेम्पोरल लोबजवळ (मेंदूचा कानाजवळचा भाग) अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडायचं आणि अंधाऱ्या शांत खोलीत बसलेल्या माणसाला शेजारी कुणीतरी असल्याचा भास व्हायचा असा त्यांचा दावा. मग स्वीडनमधल्या ग्रानक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग डबल ब्लाइंड पद्धतीने करून २००५ मध्ये छापला, म्हणजे यंत्र चालू आहे की बंद हे बसणाऱ्यालाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नाही. तर चुंबकीय क्षेत्राचा काही परिणाम सापडला नाही. कुणाला काय जाणवेल हे ठरत होतं त्या त्या माणसाच्या सूचनाशीलतेवरून, म्हणजे सुचवलेलं तो किती पटकन मनावर घेतो यावरून. पर्सिंजर यांनी ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण "सिद्ध झालंय" असं म्हणण्यासारखी परिस्थिती नक्कीच नाही.

आणि "देवाचा भाग" म्हणाल तर २००६ मध्ये माँट्रियलला बोरेगार्ड आणि पाकेत यांनी कार्मेलाइट या कॅथलिक संघातल्या १५ जोगिणींना (नन्सना) एफएमआरआय मशीनमध्ये, म्हणजे मेंदूचे कुठले भाग कामात आहेत ते दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये ठेवून त्यांना आपला सगळ्यात उत्कट अनुभव आठवून त्यात जायला सांगितलं. एखादा बिंदू उजळला असं काही झालं नाही, भावना, शरीराची जाणीव, प्रतिमा, सगळ्याशी संबंधित बरेच भाग एकत्र कामाला लागलेले दिसले.

आता याने देव सिद्ध होतो का? अजिबात नाही. पण गणित सोडवतानाही मेंदूचे भाग उजळतातच, त्यावरून उत्तर बरोबर की चूक हे स्कॅन बघून सांगता येत नाही, तसंच हे आहे. मेंदूत काय चाललंय ते कळलं, अनुभव कशाचा आहे हा प्रश्न अजून जागेवरच आहे. काही श्रद्धाळू लोक हेच स्कॅन "विज्ञानाने देव मान्य केला" म्हणून फॉरवर्ड करतात, तेही तितकंच चूक.

उत्तरायण

ग्रानक्विस्टचं माहीत नव्हतं, वाचतो. तरी सगळं मेंदूत घडतं हे माझं मत कायम आहे, फक्त हेल्मेटचं उदाहरण इथून पुढे देणार नाही.

पायवाट

मला प्रार्थनेबद्दल विचारायचंय. आमच्या गटात ठाम समजूत आहे की मनापासून, पुष्कळ लोकांनी मिळून प्रार्थना केली की आजारी माणूस बरा होतोच आणि झाला नाही तर कुणाच्या तरी श्रद्धेत कमी पडलं. गेल्या वर्षी आमच्यातला एकजण गेला, तेव्हा त्याच्या बायकोलाच हे ऐकवण्यात आलं, मोठ्या प्रेमाने, पण ऐकवलं. ती तेव्हापासून कुणाशी बोलत नाही. मला हे फार खुपतंय पण नेमकं काय बोलावं कळत नाही.

रानजाई

पायवाट, वाचून फार वाईट वाटलं. या एका समजुतीने जितकी माणसं दुखावली जातात तितकी दुसऱ्या कशाने जात नसतील.

यावर एक मोठा अभ्यास झालाय, अमेरिकेत, हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा, २००६ साली प्रसिद्ध झाला. बायपास झालेले १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं. तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, नक्की नाही, त्यातल्या एका गटासाठी खरोखर झाली, दुसऱ्यासाठी नाही. तर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, आणि त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं! का, ते कुणी ठामपणे सांगू शकलं नाही. "एवढी प्रार्थना करतायत म्हणजे माझी अवस्था फारच वाईट असणार" असा ताण आला असेल अशी एक शक्यता मांडली गेली.

काही लोक याचा अर्थ प्रार्थना फोल आहे असा लावतात. मला तसं वाटत नाही, कारण अनोळखी माणसाचं पहिलं नाव यादीतून वाचून ठराविक वाक्य म्हणणं म्हणजेच प्रार्थना असं मानलं तरच तो निष्कर्ष निघतो, आणि जगातल्या कितीतरी परंपरांमध्ये प्रार्थना म्हणजे मागणी नाहीच मुळी. पण औषधासारखा डोस वाढवला की गुण येतो, ही कल्पना मात्र यात टिकत नाही. त्या बाईंच्या श्रद्धेत काहीही कमी पडलं नव्हतं. हे तिला कुणीतरी तोंडावर, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि शक्य झालं तर ज्यांनी आधी ऐकवलं त्यांनीच सांगायला हवं.

पायवाट

आकडे गटात सांगून उपयोग नाही, पण शेवटचं वाक्य सांगता येईल. जातो तिच्याकडे.

निळीशाई

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं. मी देवधर्म फार करणारी नाही. पण संध्याकाळी कधीकधी ते शेजारच्या खोलीत आहेत असं अगदी स्पष्ट जाणवतं, दोनदा तर हाक ऐकू आली. घरात सांगितलं तर मुलगा घाबरला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चल म्हणाला, नणंद म्हणाली आत्मा अडकलाय काहीतरी विधी करायला हवा. मला मात्र ती हाक ऐकून भीती वाटत नाही, बरं वाटतं. हे मी कुणाला सांगू नये का?

अणुरेणू

निळीशाई, बरं झालं लिहिलंत. सांगा, जरूर सांगा, कारण हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कॉमन आहे.

वेल्समधले एक डॉक्टर होते, ड्यूई रीस, त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक अभ्यास छापला. जवळपास निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती, काहींना दिसले, काहींना आवाज आला, काहींशी बोलणं झालं. बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता. आणि यातल्या बहुतेकांनी डॉक्टर आपल्याला विचारेपर्यंत हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बरीच वर्षं सुखाने संसार झालेल्यांमध्ये हे जास्त होतं.

म्हणजे तुमच्या मुलाचा समज (आवाज ऐकू आला म्हणजे वेड) आणि नणंदेचा समज (आवाज आला म्हणजे आत्मा अडकला) दोन्ही घाईचे आहेत. हाक कुठून आली हे मी सांगू शकत नाही. पण एवढ्यावरून तुम्ही आजारी नाही आहात हे सांगू शकते. आवाज जर आज्ञा द्यायला लागला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणाला, झोप आणि जेवण सुटलं, रोजचे व्यवहार जमेनासे झाले, तर मग मुलाचं ऐका आणि नक्की जा, त्यात कमीपणा नाही.

मानसोपचारही आता याकडे तितकं सरधोपट बघत नाही बरं का. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान पुस्तिकेत "धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या" अशी वेगळी नोंद आली, आणि ती आजारांच्या यादीत नाही, डॉक्टरांनी लक्ष द्यावं अशा इतर गोष्टींमध्ये आहे.

दीपमाळ

अणुरेणूंना अनुमोदन. यातच भर घालतो. तान्या लुर्मन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांचा तीन शहरांत अभ्यास केला, अमेरिकेतलं सॅन मातेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई, प्रत्येक ठिकाणी २० जण. अमेरिकेतल्या लोकांना आवाज हिंसक, घुसखोर वाटायचे. आक्रामध्ये बऱ्याच जणांना तो देवाचा आवाज वाटायचा, चेन्नईत बहुतेकदा नात्यातल्या माणसांचा, घरकाम सांगणारा, रागावणारा, सल्ला देणारा. तेव्हा आजारातसुद्धा, तो ऐकणारा माणूस कुठे वाढलाय यावर आवाजाचा स्वभाव ठरतो. मग निरोगी माणसाच्या अनुभवावर त्याच्या वातावरणाची छाप असणारच, मला यात खोटेपणा दिसत नाही. उलट "शुद्ध अनुभव" म्हणून काहीतरी असतं ज्याला कशाचाच स्पर्श झालेला नसतो, हाच मला एक गैरसमज वाटतो.

निळीशाई

मनापासून धन्यवाद. मुलाला हे वाचायला देते.

उत्तरायण

वाचतोय. आता माझ्या बाजूने एक. धर्म नाही तर नीती नाही, हे आम्हाला कायम ऐकवलं जातं. त्याचं काय?

रानजाई

तेही खोटंच. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत डार्ली आणि बॅटसन यांनी केलेला १९७३ चा प्रसिद्ध प्रयोग आहे. धर्मोपदेशक व्हायला आलेले ४० विद्यार्थी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं, काहींचा विषय तर बायबलमधल्या भल्या शोमरोनीचीच गोष्ट, वाटेत पडलेल्याला मदत करणारा माणूस. आणि वाटेत खरोखर एक माणूस कण्हत बसवून ठेवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के आणि उशीर झालाय पळा असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने लक्षणीय फरक पडला नाही.

मी हे श्रद्धेच्या विरोधात सांगत नाहीये. श्रद्धा आहे म्हणजे चांगुलपणा आपोआप येईल हे गृहीत धरणं किती धोक्याचं आहे म्हणून सांगतेय.

दीपमाळ

दोन छोटे मुद्दे राहिलेत. धर्म म्हणजे ईश्वर मानणं हे समीकरण आपल्याच दर्शनांत टिकत नाही. जैन आणि बौद्ध परंपरा जगाचा निर्माता मानत नाहीत, अभिजात सांख्य निरीश्वर, आणि वेद प्रमाण मानणारी मीमांसासुद्धा सृष्टिकर्त्या ईश्वराशिवाय काम चालवते. उत्तरायण यांना जे नाकारायचंय ते नाकारूनही कितीतरी माणसं मनापासून धार्मिक होती.

दुसरं विज्ञानाचं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे आणि पुढे १९३१ मध्ये आदिअणूची (सगळं विश्व एका मूळ अणूतून सुरू झालं ही) कल्पना देणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. आणि १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात हे सगळं सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा देणारं आहे असं सुचवलं तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच, कारण त्यांना आपलं गणित धर्माचा पुरावा म्हणून वापरलेलं नको होतं. विज्ञानावरही प्रेम आणि धर्मावरही, आणि तरी दोघांची सरमिसळ नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गारवेल

सगळे प्रतिसाद वाचले. माझं थोडं वेगळं आणि जरा घाईचं आहे. मी एका निवासी ध्यान शिबिराला जाऊन आले, दिवसभर ध्यान, मौन. शेवटी शेवटी अंग आपोआप झटके द्यायला लागलं, प्रकाश दिसायचा, फार भारी वाटलं तेव्हा. घरी आल्यापासून झोप नाही, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटतं, आरशात बघितलं तरी हे मी नाहीच असं वाटतं. शिबिरात फोन केला तर म्हणाले हे शुद्धीकरण आहे, ध्यान वाढवा, सोडलंत तर इथपर्यंत आलेलं सगळं वाया जाईल. मी वाढवलंय पण भीती वाढत चाललीय. रानजाई, तुम्ही म्हणता अनुभव मोजमाप नाही, मग खरा अनुभव आणि बिघाड यात फरक कसा ओळखायचा?

रानजाई

गारवेल, आधी ध्यान थांबवा. आजपासूनच. बाकीचं मग बोलू.

ध्यान केलं की शांतच वाटतं, त्रास झाला तर तो प्रगतीचाच भाग, हा समज इथे कुणीच काढला नव्हता आणि तो यातला सगळ्यात धोक्याचा आहे. ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये बौद्ध पद्धतीचं ध्यान करणाऱ्या पाश्चात्य साधकांच्या मुलाखतींवरून मोठा अभ्यास छापलाय, त्यात तुम्ही लिहिलंय तेच आहे, प्रकाश, झटके, झोप उडणं, भीती, जग आणि स्वतः खोटं वाटणं. त्यातले कितीतरी जण नवखे नव्हते, स्वतः ध्यान शिकवणारे होते. काहींना बरं व्हायला बराच काळ आणि मदत लागली. म्हणजे तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही आणि तुम्ही कमजोरही नाही.

परंपरांनाही हे माहीत होतं. अठराव्या शतकातले जपानी झेन गुरू हाकुइन यांनी अतिध्यानाने आपण कसे आजारी पडलो आणि कसे बरे झालो हे स्वतः लिहून ठेवलंय. सोळाव्या शतकातली स्पेनची संत तेरेसा, जिला स्वतःला दर्शनं व्हायची, तिने एका बाईची हकीकत दिलीय जी आठ आठ तास तंद्रीत पडून राहायची आणि सगळ्यांना ती समाधी वाटायची. तेरेसाने काय उपाय सांगितला माहितीये? जेवण, झोप, आणि तपश्चर्या कमी. ती बाई बरी झाली. आजूबाजूला असं डोकं जागेवर असलेलं कुणी असेल तरच या वाटेवर सुरक्षित राहता येतं, आणि "थांबलीस तर वाया जाईल" असं भीती घालून सांगणारा माणूस तसा नाही असं मला अगदी स्पष्ट वाटतं.

खऱ्याखोट्याचं विचारलंत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने धार्मिक अनुभवांवरच्या आपल्या १९०२ च्या ग्रंथात असे शेकडो अनुभव तपासून म्हटलंय की तो अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता त्याचा अधिकार असतो, बाहेरच्याने तो मानलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आणि अशा अवस्था क्वचितच अर्ध्या तासापेक्षा, फार तर तासा-दोन तासांपेक्षा जास्त टिकतात. त्यानंतर माणूस कसा जगतो, यावर तो अनुभवाची किंमत लावतो. तुमचं नंतरचं जगणं आत्ता झोपेविना आणि भीतीत चाललंय. तो प्रकाश कुठून आला होता याचा निकाल आज लावायची गरजच नाही, तो प्रश्न सावकाशीने विचारता येईल.

अणुरेणू

गारवेल, ध्यान थांबवा हे तर आहेच, पण झोप नाही म्हणता तेव्हा उद्याच डॉक्टरांना भेटा, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांना, आणि शिबिराचं, किती तास बसत होता, झटके, प्रकाश, सगळं लाज न बाळगता सांगा, नाहीतर त्यांना अर्धीच माहिती मिळेल. एकट्या राहू नका, घरातल्या कुणाला तरी आजच हा धागा दाखवा. जड काम, चालणं, माणसांत बसणं, डोळे उघडे ठेवून करायच्या गोष्टी जास्त करा. स्वतःला इजा करायचा विचार आला तर उद्याची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

गारवेल

बहिणीला दाखवला. ती सोबत येतेय, सकाळची वेळ मिळालीय.

रानजाई

जाऊन आल्यावर जमलं तर दोन ओळी लिहा, नाही जमलं तरी हरकत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) उघडा ठेवलाय.